माइंडस्टॉर्म्स : एक पुस्तक आणि एक पेटी

दिवाळी अंकात टीकालेख लिहावयाचा, आणि तो एखाद्या कादंबरीवर किंवा काव्यसंग्रहावर न लिहिता मुलांच्या खेळण्यावर लिहावयाचा, हे काही वाचकांना अंमळ विचित्र वाटेल. खेळण्याची जाहिरात असते, किंमत असते, फार तर तक्रार असते, टीका कसली? परंतु हा आग्रह माझा नव्हे. ज्यांच्या विचारातून आजची शाळकरी यंत्रमानवाची पेटी जन्माला आली, त्या सेमूर पॅपर्ट यांनीच १९८७ साली एका लेखात सुचवले होते की, शाळेतल्या संगणकाविषयी जे लिहावयाचे ते वाङ्मयटीकेच्या धर्तीवर लिहावे. वाङ्मयाचा टीकाकार हा काही वाङ्मयाचा वैरी नसतो. तो कृती समजून घेतो, तिचे मर्म शोधतो, तिची जागा ठरवतो. खेळण्याच्या वाट्यालाही असा एखादा टीकाकार यावा, एवढीच त्यांची अपेक्षा.

कादंबऱ्या लिहिणे हा माझा नाद, आणि शाळेत चित्रकला व कार्यानुभव शिकवणे हा माझा पोटाचा उद्योग. मॅट्रिकपलीकडे पदवीचे शेपूट मला नाही. तरीही हे धाडस करते, कारण यंदाच्या दिवाळीतही पुष्कळ घरांत ही रंगीत पेटी येणार आहे, आणि पुष्कळ शाळांत ती आधीच येऊन बसली आहे. 'माइंडस्टॉर्म्स' या एकाच नावाच्या दोन कृती माझ्यापुढे आहेत. एक पॅपर्ट यांचे १९८० सालचे पुस्तक. दुसरी लेगो कंपनीने १९९८ साली बाजारात आणलेली, त्या पुस्तकाचेच नाव दिलेली पेटी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : पुस्तकाच्या पहिल्या काही पानांत जो इशारा दिलेला आहे, तो वर्गात शिरताना ती पेटी विसरली, आणि दोष विटेचा नसून वर्गाचा आहे.

१

आधी विटेचे पाहू, कारण सारी इमारत तिच्यावर उभी आहे. ओले कर्क क्रिस्टियान्सन हा डेन्मार्कमधील बिलुंड गावचा सुतार. मंदीच्या दिवसांत घरांची कामे मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याने आपल्या कारखान्याचे 'लेगो' हे नाव जुळवले. एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेची कल्पना मात्र त्याची नव्हे. ती हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराची. तिच्यावर बेतलेल्या विटा लेगोने १९४९ पासून काढल्या. पण त्या एकमेकींना नीट धरीत नसत. पुढे ओलेचा मुलगा गोटफ्रेड याच्या कारकिर्दीत विटेच्या पोटात पोकळ नळ्या घालण्यात आल्या, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंत यांच्या बेचक्यात घट्ट बसतात, आणि तरीही लहान मुलाच्या बोटांनी सुटतात.

घट्ट बसणे आणि सहज सुटणे हे दोन विरोधी गुण एका वस्तूत नांदावेत, यातच या विटेचे सौंदर्य आहे. डिंकाने चिकटवलेले पुठ्ठ्याचे घर चुकले की फुकट गेले. खिळा चुकीच्या जागी ठोकला की लाकूड फाटले. वीट चुकली तर काढून दुसरीकडे लावावी. चुकीची किंमत जिथे इतकी थोडी, तिथे भित्रे मूलसुद्धा धीट होते. रंगाच्या तासाला कागद फुकट जाईल म्हणून कोपऱ्यात एवढेसे चित्र काढणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहते. तीच मुले विटा हातात आल्या की ऐसपैस होतात.

आणि शक्यता तरी किती! आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकारे. सहा घेतल्या तर कोपनहेगन विद्यापीठातील एका गणितज्ञाने संगणकाकडून मोजून घेतलेला आकडा आहे ९१,५१,०३,७६५. जाहिरातवाल्यांना हा आकडा फार प्रिय. पण टीकाकाराने इथे थोडे थांबावे. शक्यता पुष्कळ असल्या म्हणजे निर्मिती होतेच असे नाही. शब्दकोशात सारे शब्द असतात, म्हणून त्यात कादंबरी नसते. कोणाला तरी काही सांगावयाचे असावे लागते, आणि ते सांगू देणारी माणसे भोवती असावी लागतात.

२

हे अनुभवाचे बोल आहेत, आणि अनुभव लेगोच्याही आधीचा आहे. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे त्याने 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले. मुलांसाठी त्याने जी साधने योजली त्यांना तो 'देणग्या' म्हणे. तिसरी देणगी म्हणजे दोन इंची लाकडी घन; तो सुटा केला की त्यातून एक इंची आठ घन निघत. त्या आठ तुकड्यांतून मुलाने खुर्ची करावी, जिना करावा, नक्षी मांडावी, आणि शेवटी सारे पुन्हा एकत्र करून डबीत ठेवावे. अमेरिकेचा थोर वास्तुकार फ्रँक लॉइड राइट याला त्याच्या आईने ही साधने लहानपणी आणून दिली होती. त्या लाकडी ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत जन्मभर राहिला, अशी कबुली त्याने म्हातारपणीही दिली.

पण फ्रोबेलनंतर काय झाले? त्याच्या पुष्कळ अनुयायांनी त्या देणग्यांची कवायत केली. बाईंनी हुकूम सोडावा, साऱ्या मुलांनी एकदम पहिला घन उचलावा, दुसरा हुकूम सुटावा, साऱ्यांनी तो उजवीकडे ठेवावा. खुर्ची सगळ्यांची एकाच वेळी तयार, आणि एकसारखी. जॉन ड्यूईसारख्या शिक्षणज्ञांनी पुढे या यांत्रिकपणावर नेमके बोट ठेवले. साधन मोकळे होते. हात बांधले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण पॅपर्ट यांच्या पुस्तकाकडे वळू.

३

पॅपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मले, जिनीव्हात ज्याँ पियाजे यांच्याजवळ काही वर्षे राहिले, आणि मग अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेत स्थिरावले. १९६७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा केली. लेगोशी तिचे तेव्हा नावाच्या साम्यापलीकडे नाते नव्हते. त्या भाषेत मूल एका कासवाला आज्ञा देते. कासव कधी जमिनीवर चालणारे यंत्र असे, कधी पडद्यावरची खूण. चौकोन काढावयाचा तर 'पुढे जा, ९० अंश वळ' असे चार वेळा. मग मूल समभुज त्रिकोणाकडे वळते. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा हे पाठ असते, म्हणून ते कासवाला ६० अंश वळावयास सांगते, आणि कासव भलतीकडेच भरकटते. का? मुलाने स्वतः अंगणात तसे चालून पाहावे. कोपऱ्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो. तो १२० अंशांचा. पुस्तकात पाठ करून न कळलेला बाह्यकोन पायांना कळतो.

या पुस्तकाचे मर्म इथे आहे. संगणकाने मुलाला शिकवावे हे पॅपर्ट यांना मान्य नाही. मुलाने संगणकाला शिकवावे. आणि शिकवताना जे चुकते ते लाल शाईने खोडण्यासाठी नसते. कुठे चुकले ते शोधून दुरुस्त करण्यासाठी असते. आमच्या वह्यांतल्या फुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा विचार किती मोठा आहे हे सांगावयास नको.

मात्र माझ्या मते पुस्तकाचा खरा प्राण प्रस्तावनेत आहे. तिथे पॅपर्ट आपल्या बाळपणाची हकिकत सांगतात. अगदी लहान वयात त्यांना मोटारीच्या दातेरी चाकांचे वेड लागले. पाढे शिकताना, पुढे समीकरणे शिकताना, त्यांच्या मनात ती चाके फिरत आणि गणित उलगडत जाई. एखादा सामान्य लेखक इथेच थांबला असता आणि म्हणाला असता, 'तर मग सर्व मुलांना दातेरी चाके वाटा!' पॅपर्ट याच्या नेमके उलट सांगतात. चाकांचा संच वाटून काही साधणार नाही, कारण गंमत चाकांत नव्हती. आपण त्यांच्या प्रेमात पडलो होतो यात होती. दुसऱ्या मुलाचे प्रेम दुसऱ्या कशावर तरी बसेल. संगणक त्यांना हवासा वाटला तो एवढ्यासाठीच की, तो हजार रूपे घेऊ शकतो, म्हणजे ज्याला त्याला आपापले चाक सापडेल.

पुस्तकाच्या अखेरीस ते ब्राझीलच्या सांबा शाळांचे वर्णन करतात. लहान-मोठे, नवखे-जाणते एकत्र नाचतात, आणि शिकणे व शिकवणे यांच्या मध्ये भिंत नसते. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकाची तालीम ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही.

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नाही. त्यातला उत्साह पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतो. १९८४ साली न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कुरलंड या संशोधकांनी दाखवून दिले की, लोगो शिकलेली मुले इतर कामांचे नियोजन अधिक चांगले करतात असे आढळत नाही. पॅपर्ट यांचे उत्तर मार्मिक होते : लाकडाचे एक घर पडले म्हणून लाकडाने चांगली घरे होत नाहीत, असे ठरते काय? उत्तर खरे आहे, पण अर्धे. लाकडाला सुतार लागतो. कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले तर या पुस्तकात एक पात्र फिकट राहिले आहे, आणि ते म्हणजे शिक्षक. मूल आहे, यंत्र आहे, दोघांचे प्रेम आहे. पण साठ मुलांच्या वर्गात ज्याने हे प्रेम जमवून आणावयाचे, त्याला लेखकाने पुरेशी पाने दिलेली नाहीत. ही उणीव पुढे पेटीला भोवली.

४

१९९८ ची ती पेटी देखणी होती. पिवळ्या रंगाची एक जाड वीट, तिच्या पोटात चिमुकला संगणक. मोटरी जोडावयास तीन जागा, आणि स्पर्श किंवा उजेड ओळखणारे सेन्सर जोडावयास तीन जागा. भोवती नेहमीच्या विटा, दांडे आणि अर्थातच दातेरी चाके. मुलाने गाडी रचावी, तिला आज्ञावली द्यावी, आणि भिंतीला धडकताच गाडीने स्वतः मागे वळावे. २००६ व २०१३ साली तिचे नवे अवतार निघाले. २०२२ च्या अखेरीस लेगोने ही मालिका बंद केली; पण तिची भावंडे आणि इतर कंपन्यांच्या तसल्याच पेट्या शाळांत आहेत, आणि वाढत आहेत.

या पेटीने वर्गात काय घडते? एका शाळेतला तास सांगते. बाहेरून आलेले प्रशिक्षक होते. पडद्यावर चित्रे येत होती. पहिल्या चित्राप्रमाणे दोन तुकडे, दुसऱ्याप्रमाणे तीन. तासाच्या अखेरीस बारा गटांच्या बारा गाड्या झाल्या, एकसारख्या. एकच गाडी वेगळी होती. सातवीतल्या एका मुलीने मोटरीला ८ दात्यांचे चाक लावले होते आणि गाडीच्या आसाला २४ दात्यांचे. चित्रात दोन्ही चाके सारखी होती. शर्यतीत तिची गाडी शेवटी आली, आणि प्रशिक्षकांनी 'चित्र नीट पाहिले नाही' असा शेरा दिला. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, सपाटीला हरली खरी, पण घाट चढते की!" मग आम्ही फळा तिरका टेकवून घाट केला. अकरा गाड्या पायथ्याशी घुरघुरत राहिल्या. तिची गाडी मुंगीच्या पावलांनी वर गेली. मोटरीचे तीन फेरे होतील तेव्हा चाकाचा एक होतो; वेग तिसरा हिस्सा उरतो, आणि जोर, घर्षणात थोडा जातो तेवढा सोडला, तर तिप्पट होतो. पॅपर्ट यांच्या बाळपणीचे चाक त्या दिवशी त्या मुलीला सापडले होते, आणि गुणपत्रकात मात्र तिला सर्वांत कमी गुण होते.

फ्रोबेलच्या अनुयायांची कवायत आणि हा तास यांत फरक कोणता? तिथे बाई हुकूम देत, इथे पडदा देतो. नियमांच्या चित्राने एखादा सांधा शिकावा, कौशल्य हाती यावे, हे मला मान्य आहे. सुतारही आधी उस्तादाचे पाहूनच रंधा धरतो. पण जन्मभर उस्तादाचाच पाट करणारा सुतार कोणाला आवडेल? चित्राप्रमाणे एकदा गाडी झाली की ती मोडून दुसरी करण्यासाठी तास उरला पाहिजे. तो कधीच उरत नाही, आणि ही पेटीची नव्हे, वेळापत्रकाची गोष्ट आहे.

५

आपल्या देशात या साधनांना आता सरकारी आश्रय आहे. २०१६ पासून निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनतर्फे सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळाले, आणि अशा शाळांची संख्या १०,००० च्या वर गेली. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब काढण्याची घोषणा झाली. हेतूविषयी मला शंका नाही. खेड्यातल्या मुलाच्या हाती मोटर आणि सेन्सर यावा, यासारखे समाधान नाही. माझी शंका कुलपाविषयी आहे. एका शाळेत मी पाहिले, पेट्यांचे वेष्टन वर्षभर फाटले नव्हते. कारण साधे होते : तुकडा हरवला तर नोंदवहीत जबाबदार कोण? जिथे एक तुकडा हरवण्याची भीती, तिथे काही नवे सापडण्याची आशा कोठून असणार?

या बाबतीत आपल्याला परक्या मुलखात धडे शोधण्याचे कारण नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या आदिवासी मुलुखात नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसोरीबाईंची सुबक, महाग साधने तिथे परवडणारी नव्हती. म्हणून खडे, बिया, शिंपले, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखतात तर कुरणात गेली. पुढे १९७८ च्या सुमारास पुण्याच्या मोटार कारखान्यातले एक अभियंते, अरविंद गुप्ता, रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांचे सांधे केले. तीन काड्यांचा त्रिकोण ढकलला तरी ढळत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. पुलांना आणि छपरांच्या कैच्यांना त्रिकोण का असतात, हे मुलाला दोन रुपयांत कळते. घट्ट बसणारा आणि सहज सुटणारा सांधा, म्हणजे डॅनिश विटेचाच गुण, इथे सायकलच्या दुकानात सापडला.

पण यावरून कोणी असे म्हणू लागेल की, श्रीमंतांच्या शाळेला यंत्रमानव आणि गरिबांच्या शाळेला आगकाड्या पुरेत, तर त्याला माझा कडक विरोध आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' ही छान गोष्ट आहे. ती कोणाच्या वाट्याचे कायमचे दैव होता कामा नये. आगकाडी त्रिकोण शिकवते. पण अंधार पडल्याचे ओळखून आपोआप दिवा लावण्याची कल्पना तिच्यात नाही. स्वतः लिहिलेल्या आज्ञेप्रमाणे वस्तू वागताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, आणि तो प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

६

या दिवसांत गल्लीतून फेरी मारली तर याच विषयावरचा एक जुना ग्रंथ अंगणाअंगणांत उघडा पडलेला दिसेल. मी दिवाळीच्या किल्ल्याविषयी बोलते आहे. दगड-विटांचा ढीग, वर ओले पोते, त्यावर मातीचा लेप. उतारावर पेरलेली मोहरी किंवा अळीव, शिखरावर सिंहासन, पायथ्याशी मावळे. नकाशा कोणी छापून देत नाही. पाणी ओतले की बुरूज ढासळतो, मग पोरे आपसांत भांडून ठरवतात की उतार कमी करावयाचा की खाली दगड घालावयाचा. मोठा भाऊ सांगतो, धाकटी बहीण ऐकत नाही, शेजारचे आजोबा येता-जाता एक सूचना टाकून जातात. पॅपर्ट ब्राझीलमध्ये ज्या शाळेचा शोध घेत होते, ती आपल्या अंगणात दरवर्षी आठ दिवस भरते. आता बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्लेही मिळतात. ते नेटके असतात, ढासळत नाहीत, आणि मुलांना करावयास त्यांत काही उरत नाही. पेटीचे झाकण आणि पडद्यावरची चित्रे यांचा धोका ज्यांना माझ्या बोलण्यावरून पटला नसेल, त्यांनी हे दोन किल्ले शेजारी ठेवून पाहावेत.

तेव्हा निकाल काय? पुस्तक थोर आहे. त्यातली प्रस्तावना तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी अशी आहे. पेटी चांगली आहे, पण ती स्वतःच्या बळावर चांगली नाही. ती घरात किंवा शाळेत आणणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. झाकणावरचे चित्र एकदा झाल्यावर ते मोडण्याची मुभा मुलाला आहे काय? त्याने केलेली वस्तू चालली नाही, तर ती का चालली नाही हे शोधावयास वेळ आणि सोबत आहे काय? आणि सगळ्यांच्या गाड्या धावत असता एखाद्या मुलीने घाट चढणारी गाडी केली, तर तिच्यासाठी कोणी फळा तिरका करील काय? या तिन्हींना 'होय' असे उत्तर असेल, तर पेटी जरूर घ्यावी. ऐपत नसेल तर व्हॉल्व्ह ट्यूब घ्यावी, आणि शाळेकडे पेटीचा आग्रह धरावा. उत्तर 'नाही' असेल, तर ९१ कोटी शक्यतांतून मुलाच्या वाट्याला एकच येईल, आणि ती दुसऱ्याने ठरवलेली असेल.